लेट मार्क

बेलीफ आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो.
त्याने पेन पुढे केलं, मी सही केली.
सहीची सवय वाईट.
पाच वर्षांपूर्वी लांडेवाडीच्या शाखेत अशीच केली होती,
हणमंत टिंगरेच्या लेथसाठी, सात ठिकाणी.
पेन्सिलीने फुल्या आधीच मारून ठेवल्या होत्या.
जामीनदार म्हणजे नुसतं नाव, मॅनेजर म्हणाले,
आणि ढोकळा मागवला.

समन्सवर होतं: दहा दिवसांत हजर व्हा.
वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
हणमंतला फोन लावला.
"तुम्ही कशाला टेन्शन घेता, मी बघतो ना."
तो बघत राहिला,
मी त्याचं बघणं बघत राहिलो.
एक मंगळवार गेला, दुसरा गेला,
मुदतीचा शुक्रवार कधी गेला कळलंच नाही;
गॅसवाला त्या दिवशी आला होता, एवढं आठवतं.

तेविसाव्या दिवशी, शिवाजीनगर कोर्टात,
बेलसरे मॅडमनी कागद उलटे-सुलटे केले.
"समरी दावा आहे, काका.
यात बाजू मांडायचीही आधी परवानगी लागते."
म्हणजे, मला काही सांगायचं असेल
तर सांगू का, हे विचारायचं;
विचारायला उशीर झाला, त्याची आधी माफी मागायची;
माफीला कारण लागतं,
आणि ते पुरेसं लागतं.
"आजारी होतात?"
नव्हतो.
"गावाला?"
कुठलं गाव. पिंपळे गुरव.

एकतीस वर्षं मी भोसरीत टाइम ऑफिसला होतो.
सात वाजून पाच मिनिटं, की लाल शाई.
खिलारे यायचा कासारवाडीहून सायकल ढकलत,
कोपरापर्यंत वंगण.
"साहेब, चेन तुटली."
मी म्हणायचो, कार्डावर चेन उमटते का, खिलारे?
आणि अर्धा दिवस कापायचो.
मी वाईट नव्हतो.
घड्याळ कंपनीचं होतं.

जिन्याखालचा टायपिस्ट बोटं मोडत बसलेला.
"विलंबाचं कारण काय टाकू?"
मागे चार जण रांगेत.
अकरा लाख चाळीस हजार, अधिक व्याज,
आणि कारणासाठी ठेवलेली दीड ओळ रिकामी.
मी माझे हात बघितले. स्वच्छ होते.
"अपरिहार्य टाकतो," तो म्हणाला, "सगळे तेच टाकतात,"
आणि सहीच्या जागी
पेन्सिलीने फुली मारली.

तारखेला मी साडेआठलाच पोचलो.
शिपाई फरशी पुसून घेत होता.
"काय आजोबा, एवढ्या लवकर?
साहेब अकराला बसतात."
बाकाची कड अजून ओली होती.
बसलो.