सव्वापाच गुंठे

भिलवडीच्या खालच्या अंगाला, जिथं कृष्णा
वळताना जरा रेंगाळते,
तिथं उसातून पाण्यापर्यंत
नऊ फूट रुंद, सहाशे पस्तीस फूट लांब
अशी एक पट्टी मी मोजली.
सरकार विकत घेणार होतं.
विकत. संपादन नव्हे. साहेबांनी दोनदा बजावलं होतं.

वाट आधीही होती, पायांनी पाडलेली,
कुठल्याच नकाशात नसलेली.
मग तार आली.
तानूबाई मल्लाव, डोईवर पाटी, खांद्यावर जाळं,
तीन वर्षं दोन कोसांचा वळसा घालून
पलीकडच्या घाटानं उतरायची.
"पाणी सरकारचं, मासा कुणाचा बी," ती म्हणाली,
"पर जायचं कुठनं? उडून?"
मी लिहून घेतलं नाही. जबाबाचा रकाना लहान असतो.

पायगोंडा मगदूम बांधावर उभे होते.
पांढरी टोपी, हातात खुरपं,
उगीच, धरायला काहीतरी हवं म्हणून.
मला वाटलं होतं, भावाची घासाघीस करतील.
त्यांनी आकडा ऐकला, मान हलवली,
आणि खरेदीखताच्या मसुद्यात एका ओळीवर बोट ठेवलं.
प्रयोजन: मासेमारीसाठी सार्वजनिक वाट.
"एवढं काढा."
"का?"
"आमच्यात दिवस बुडल्यावर जेवत न्हाईत, रावसाहेब,
दिव्यावर चिलट पडंल म्हणून.
आन् मी मारायच्या वाटंला सही करू?"
तानूबाई तारेआडून ऐकत होती.
"मग तार कशापायी मारली हुती? माशापायी?"
"उसापायी," ते म्हणाले.
खरं बोलणारा माणूस.

मी साखळीच्या जमान्यात शिकलो. आता रोव्हर आहे,
काठी उभी केली की उपग्रहाला विचारते
आणि बोटभर चुकीनं सांगते, हद्द कुठं.
नदीची हद्द मात्र पुरानं दोनदा हलवलेली.
एक खुणेचा दगड तर पाण्यातच सापडला,
अंगावर शेवाळ,
शेवाळावर चरणारी चिलापीची पिल्लं.

दुपारी सुपल्या काळे आला, माळावरच्या पालातून.
कुणी सांगितलं होतं त्याला,
सरकार शिकारीला जमीन घेतंय म्हणून.
त्यानं पिशवीतून काढून दाखवला
घोड्याच्या केसांचा फास, बापाच्या हातचा,
अजून लवलवता.
"तितराचं बी हाय काय, सायेब?"
बंदी आहे, म्हणालो. पन्नास वर्षं झाली.
"ठावं हाय की. जेलात जाऊन आलोय."
मग फास घडी करून ठेवत,
"आमचा माळ मोजशीला तवा सांगा.
नुस्ता बघाय यीन."
त्या माळावर आता पवनचक्क्या आहेत.
तो मीच मोजला होता.
त्याला सांगितलं नाही.

शेवटी साहेबांनी तोडगा काढला.
प्रयोजन: नदीकडे जाण्याची सार्वजनिक वाट.
मगदुमांची सही झाली. साक्षीदार म्हणून
तानूबाईचा अंगठा, शाईत जरा जास्तच बुडालेला.
फेरफार पडला.
सातबाऱ्यावरून सव्वापाच गुंठे ऊस उतरला.

कार्तिकात एकदा दगड तपासायला गेलो,
ऊन अजून होतं.
पायगोंडा पाण्याच्या कडेला बसलेले,
सरकारच्या जमिनीवर,
कणकेच्या गोळ्या एकेक करून सोडत.
पाणी उकळत असल्यासारखं. मासेच मासे.
वीसेक पावलं मागं, बाभळीखाली, तानूबाई,
मांडीवर जाळं घेऊन एक गाठ दुरुस्त करत होती,
किंवा करत असल्यासारखी.
बोलत कुणीच नव्हतं.

सूर्य उसाच्या तुऱ्याला टेकायला आला तसे ते उठले,
जेवणाची वेळ,
धोतर झटकलं, तिच्या शेजारून गेले.
"झालं का?" तिनं विचारलं.
"झालं."

मी दगड मोजले. सहाच्या सहा जागेवर होते.
मागं पाण्यावर काहीतरी पसरल्याचा
आवाज आला, ओला, गोल.
मी वळून पाहिलं नाही.
माझं काम काठापर्यंतच होतं.