ओंडक्यावरचं शेंदरी

रुक्मांगद तारी पिशवीतून काढतो
लॉटरीच्या कागदात गुंडाळलेला तुकडा,
माझ्या प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवतो.
"बाई, ह्या काय ता सांगा बगू."

अर्धा तळहात. शेंदरी.
कडेला पातळ, चामड्यासारखा चिवट,
वाकवला तर वाकतो, मोडत नाही.
फणसांबा नव्हे, मी म्हणते.
फणसांबा तपकिरी, जड,
पोरांचं तोंड आलं की सहाणेवर उगाळायचा.
हा उगाळू नका. खाऊ तर नकाच.

उलटा करते. अळंबीच्या चुण्या नाहीत खाली,
भिंगातून दिसतात भोकं,
सुईच्या टोकाहून बारीक,
मोजायला गेले आणि सतराव्याला चुकले.
कडेवर पोटॅशचा एक थेंब टाकते.
शेंदरी काळवंडतं.
तारी खुर्ची मागे घेतो.

"खंय गावला?"
तळाशीलला, रापणीच्या शेडमागे,
उंडीच्या ओंडक्यावर.
चार वर्षं उन्हात पडलाय,
होडीच्या कण्यासाठी राखलेला.
एका बाजूला ओळीनं आलंय,
खालून वर, पायऱ्या लागल्यासारखं.
सुनेला वाटलं कुणी शेंदूर फासला.
तगरीचं फूल ठेवलं तिनं,
दुसऱ्या दिवशी शेजारणीनं दोन,
आता पोरं त्यावर बसत नाहीत,
जाळी वाळत घालायलाही
विचारून जातात.

मी सांगते: देव नाही, बुरशी आहे.
मेलेल्या लाकडावरच येते,
उन्हाची भीती नाही तिला.
जुनी झाली की रंग उडून फिकी पडते.
नाव लॅटिनमध्ये आहे, लांब आहे.

तो नाव विचारत नाही.
विचारतो, "म्हंजे भायर दिसता
तेवडाच, की आत पण?"

बाहेर दिसतं ते फळ, मी म्हणते.
झाड आत असतं, धाग्यांचं.
लाकूड पांढरं पडत जातं,
कापसासारखं, वजन जातं त्याचं.

तारी मान हलवतो.
बोटाच्या पेरानं टेबल वाजवतो,
एकदा इथं, एकदा तिथं,
सागवानी आहे, खणखणीत.
"वाकसाच्या दांड्यान मारून बगितलंय मी.
आवाज बसलेलो."

मग आलात कशाला, असं ओठांवर येतं.
विचारत नाही.
मुलानं गणपतीआधी फायबरची आणली,
हे मला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे.

तुकडा परत कागदात गुंडाळताना
त्याच्या अंगठ्याला रंग लागलाय का बघते.
नाही लागला.
जिन्यावरून उतरताना म्हणतो,
"सुनेक काय सांगा नको हां.
फुला ठेवता तोवर
जळणाक कोण नेवचो नाय."