पासष्ट डेसिबल

गुरुवारी कायानीच्या शाळेत गेलो, शिडी आणि मीटर घेऊन.
दहा वाजून गेलेले, तरी खिडक्यांत पहाटच रेंगाळत होती.
डिसेंबर इथे उजेड उधारीवर देतो.

जेवणघराच्या छतात दिव्यांच्या पट्ट्या,
मीच बसवलेल्या, ऑगस्टमध्ये:
पोरं हळू बोलली तर हिरव्या,
आवाज चढला की पिवळ्या,
पासष्टच्या वर गेला की लाल.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, पोरांनी याचा खेळ केलाय.
लाल आधी कोण करतो, यावर पैजा.
तिसरीतला एलियेल तर नुसत्या ट्रेवर चमचा बडवून करतो.
लाल काढूनच टाका.
हिरवा राहू दे, शोभेपुरता.

शिडी चढलो, स्क्रू दातांत धरला,
तोच खालून कुणीतरी शिडी हलवली.

ऐनिक्की. भांडी घासते इथे.
कोपरापर्यंत फेस.
ॲप्रनच्या खिशातून वही काढून तिने लिहिलं,
आणि वही वर धरली:

लाल काढू नका.
मला जन्मापासून ऐकू येत नाही.
अठरा वर्षं त्या खिडकीतून
फक्त उष्टे ट्रे येताना पाहिले.
ऑगस्टपासून कळतंय,
सोमवारी पोरं हिरवी असतात, झोपेतली.
वाटाण्याच्या सूपला पिवळी.
पॅनकेक आले की लाल.
आणि एका मंगळवारी
भर जेवणात छत हिरवं पडलं,
मी हात न पुसता बाहेर आले.
एक मुलगी रडत होती.
बाकी सगळी तिच्याकडे बघत होती.

शेवटची ओळ पाण्याने फुटली होती.
मला उत्तर सुचेना. खिशात पेन होतं, तरी.
खाली उतरलो,
छताकडे बोट केलं, मग तिच्याकडे:
करून बघा.
तिने मान हलवली. छे.
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
सुपाचं मोठं ओगराळं उचललं
आणि फरशीवर सोडून दिलं.

छत लाल.

ती हसली. मोठ्याने,
दारं सताड उघडी टाकावीत तशी.
ओगराळं केव्हाच निपचित पडलं होतं,
पण छत काही खाली उतरेना.
तिने वर पाहिलं.
ओगराळ्याकडे पाहिलं.
परत वर.
हात तोंडावर नेला,
आणि हळूच काढून घेतला.

अहवालात लिहिलं:
यंत्र ठीक. उंबरठा बदललेला नाही.

शिडी घडी करून निघालो तेव्हा
पोरं रांगेत उभी राहत होती,
आणि भट्टीत
पॅनकेक फुगायला लागले होते.