विध्यर्थ

बिल्ल्यावर माझं नाव चुकलं होतं.
हर्षाली भोनकरची मी झाले हर्षल भोनकर;
एक काना, एक वेलांटी
कुठल्याशा प्रिंटरच्या पोटात राहून गेली.
नोंदणीच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, चालेल ना?
मी म्हटलं, चालेल.
दोन दिवस चालवलं.

चिठ्ठ्या टाकून समित्या ठरल्या.
मला आली सीमासुरक्षा.
कर्जतच्या पुढे कधी न गेलेली मी
फोर्टातल्या त्या उंच छताखाली,
एसीच्या गारठ्यात हात काखेत घालून
तीन मिनिटं बर्फावर बोलले.
डोळ्यांसमोर मात्र एकच सीमा होती:
आमच्या आणि शबनमचाचीच्या मधली साडेचार इंची भिंत,
जिच्यावर तिकडून खिळा ठोकला
की इकडे आमचं कॅलेंडर हलतं.
ती सांगितली नाही.
घंटा वाजली. टाळ्या पडल्या.

दुपारी नागरी निवारा.
कैझाद उभा राहिला,
मराठी जपून वापरत,
पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखी.
वाईट बोलला नाही. खूप वाचून आला होता.
सरासरी घर, म्हणाला, दोनशे वीस चौरस फूट,
आणि पडद्यावर नकाशा आला:
वडाळा, मिठागरांच्या कडेला एक करडा ठिपका.
त्या ठिपक्यात आई त्या वेळी
बांगड्यांना खडे चिकटवत असणार,
डझनाला नऊ रुपये.

मी हात वर केला.
अध्यक्ष म्हणाल्या, तुम्ही सीमेच्या,
तुम्हाला इथे मत नाही,
माहितीचा मुद्दा तेवढा मांडता येईल.
मग माहिती म्हणून सांगितलं:
एकशे चाळीस. मोरी धरून.

आवाज माझाच होता, पण माइकमधून
जरा उशिरा परत आला,
सभागृहभर फिरून, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
कोणी हसलं नाही.
कैझादने कागदावरचं दोनशे वीस खोडलं,
पेन तसंच धरून विचारलं,
मोरी म्हणजे?
तोवर घंटा झाली होती.

संध्याकाळी ठराव.
अर्धा तास एका क्रियापदावर गेला.
'द्यावे' म्हणायचं की 'दिलेच पाहिजे'?
एस.वाय.ला घोकलेलं व्याकरण अचानक ओळखीचं हसलं:
पुनर्वसन व्हावे. पाणी मिळावे. सीमा अभेद्य राहावी.
सगळा देश विध्यर्थात.
आमच्याकडे हा अर्थ फारसा वापरत नाहीत.
आमच्याकडे आज्ञार्थ:
ऊठ, भर, सरक, दिवा मालव.
नाहीतर साधा वर्तमान.

हात वर झाले. माझाही.
खरंच पटलं होतं म्हणून,
आणि थोडं, शेवटची बस चुकू नये म्हणून.

प्रमाणपत्र जाड कागदाचं, सोनेरी कडेचं, हर्षलचं.
चुरगळू नये म्हणून बसमध्ये पोटाशी धरलं.
आईने हात पुसून ते घेतलं,
बल्बखाली नेऊन पाहिलं,
भिंतीवर जागा शोधली, मिळाली नाही.
तांदळाच्या डब्यामागे उभं केलं.
मग म्हणाली, दोन दिवस बसून काय ठरलं?

व्हावं, असं ठरलं.

बरं, म्हणाली. तो चिमटा दे इकडे.

रात्री पाय धुताना
कैझादला द्यायचं उत्तर सुचत राहिलं, घंटेची भीती नसलेलं, लांबलचक:
इथे भांडी. इथे आंघोळ. ही पाण्याची टिपं.
आणि परीक्षेच्या दिवसांत, सगळे झोपले
की हा पडदा ओढायचा,
पाटावर बसायचं, 
मग ही माझी खोली.