अर्धा र

शनिवारी मार्केट यार्डातले सौदे आटोपले
की मी कच्ची आवृत्ती उतरवून घेते.
तिच्या माथ्यावर ठळक लिहिलेलं असतं:
अजून पक्की नाही, कामाच्या मशीनवर चालवू नका.
माझ्याकडे दुसरं मशीन नाही.

अवजार तसं अबोल.
हजार फायलींवरून नजर फिरवायची,
काल रात्रीपासून काय बदललं ते हेरायचं,
तेवढंच पुन्हा बांधायचं
आणि बाकीच्याला हात लावायचा नाही.
आमच्या घरात हे कुणालाच जमलेलं नाही.

तर मगदूम अडत्यांचा काटापट्टीचा प्रोग्राम घेतला.
हळदीची पोती, तूट, हमाली, तोलाई.
पहिला बिल्ड साडेतीन मिनिटं. ठीक.
काहीही न बदलता दुसरा. साडेतीन मिनिटं.
तिसरा. तेवढीच.
जुनी आवृत्ती अशा वेळी सेकंदात सांगायची:
काही काम नाही.
ही मात्र दर वेळी पदर खोचून उभी,
जणू हे घर आज पहिल्यांदाच बघते आहे.

नौशादला फोन लावला. तो मिरजेत,
मामूच्या दुकानात तंबोऱ्याच्या खुंट्या घासत.
म्हणाला, निम्मं काढून टाक,
मग राहिलेल्यातलं निम्मं.
भोपळ्यात चीर कुठंय कळत नसली
की आम्ही पण असंच ठोकत जातो, एका अंगानं.

ठोकत गेले.
माधवनगरची वीज मधे एकदा गेली, आली.
रात्री नऊला उरला एकच फोल्डर:
कोऱ्या पावत्या.
हे नाव बाहुबली मगदुमांचं.
मला वाचता येईल असं लिहा, म्हणाले होते.
नुसतं पावत्या केलं: एक सेकंद.
कोऱ्या पावत्या: साडेतीन मिनिटं.

मग दिसलं.
हा ऱ मशीनच्या पोटात दोन तऱ्हांनी राहतो,
एकदा अखंड,
एकदा साधा र आणि पायाशी वेगळा ठिपका.
पडद्यावर दोघं जुळे.
वहीत एक नोंदलेला, गोदामात दुसरा बसलेला,
म्हणून अवजार दर वेळी म्हणतं,
ह्याला मी ओळखत नाही, सगळं पुन्हा बांधा.

अकरा ओळींत कळवलं, इंग्रजीत.
तिकडे कुणी एल्के आहे. गाव माहीत नाही.
तिचं उत्तर आलं:
चूक समजली, पण हे अक्षर म्हणायचं कसं?

गॅलरीत उभी राहून म्हणून पाहिलं.
दर्या. दऱ्या.
एकात समुद्र आहे, दुसऱ्यात नाही,
आणि मधे फक्त एक र,
पाय न टेकवता पुढे गेलेला.
हे इंग्रजीत लिहायला गेले आणि खोडलं.
शेवटी आवाज धाडला, आठ सेकंदांचा.
मागे पिठाची गिरणी चालू होती,
तिच्याबद्दल तिने काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी दुसरी कच्ची आवृत्ती.
साडेतीन मिनिटं.
मग एक सेकंद. काही काम नाही.
मी तेच पाच वेळा करून पाहिलं,
उगाच.
बदलांच्या यादीत खालून तिसरी ओळ होती:
काही मार्गनावांची तुलना चुकत होती, दुरुस्त.

सोमवारी पेढीवर सांगितलं.
बाहुबलींनी चष्मा कपाळावर चढवला.
म्हणजे आपलं वजन चुकत होतं?
नाही, आपलं बरोबरच होतं.
मग चुकत काय होतं?
जे अजून आलेलं नाही, ते चुकणार होतं.
आणि आता?
आता आलं तरी काही होणार नाही.
त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे,
थोडा वेळ काट्याकडे बघितलं.
बोटं हळदीने पिवळी होती, दोघांचीही.
पोराला हाक मारून चहा सांगितला,
दोन, त्यातला एक बिनसाखरेचा,
आणि कोऱ्या पावत्यांचं पुडकं
माझ्या कोपराखालून ओढून घेतलं.