केबासाठी, किल्लीसोबत

विहिरीकडच्या भिंतीला टेकून जे उभं आहे
त्याला झाड म्हणायला मार्चमध्ये धीर लागतो.
काड्या. नुसत्या करड्या काड्या.
तुझ्या आधीचा भाडेकरू, शहाणा माणूस,
कुदळ घेऊन आला होता.
मी खिडकीतून ओरडले म्हणून वाचलं.

तू उपटू नकोस. नखाने साल खरवड,
खाली, बुंध्याजवळ.
आत हिरवी रेघ दिसली की हात मागे घे.
नाही दिसली तरी मे संपेपर्यंत थांब.
अंजिराला पानं येतात, नेउसचे वाटाणे काढून होतात,
आणि ही अजून अंथरुणात.

मारियाल्युइझा म्हणतात हिला.
नाव बाईचं, मागण्याही तशाच:
पाठीशी भिंत, तोंडावर ऊन,
आणि पायाशी कुणी सारखं पाणी ओतत बसू नये.
ज्या वर्षी बान्योलसचं तळं कडेने गोठलं
त्या वर्षी झुआकिमने स्वतःचा कोट तिच्या मुळांवर टाकला
आणि महिनाभर खोकत राहिला.
ते दोघंही तगले. त्या वर्षी.

पान हातात धरून बघ,
मांजराच्या जिभेसारखं खरखरीत.
एका पेरावर तीन-तीन.
तोडायची ती सकाळी, दव सुकल्यावर,
सावलीत वाळवायची, मग उशीच्या अभ्र्यात.
कपाटातला निळा अभ्रा त्याचाच आहे, धुऊ नकोस.

सेंट जोसेफच्या सणाला सगळे दालचिनीची खीर करतात.
मी करत नाही.
अर्धा लिटर दूध, उकळी फुटायच्या आत खाली उतरव,
मूठभर पानं, वर झाकण,
एक जपमाळ होईल इतका वेळ.
(तुझ्याकडेही मणी आहेत, मी पाहिलेत. तेवढाच.)
पानं काढून मगच पिवळं बलक घाल.
पानं विसरलास तर खिरीला गवताचा वास येतो,
माझ्या सासूबाई विसरायच्या
आणि तीच खरी चव असं सांगायच्या.

वहीतलं पुढचं पान रताफियाचं आहे,
कच्चे अक्रोड, दारू, चाळीस रात्री उघड्यावर.
तू पीत नाहीस, ते पान उलटून टाक.
पण संत जुआनच्या आदल्या दिवशी
एक जुडी तोडून ठेव, जावई न्यायला येईल.

आता ती गोष्ट, जी मी तुझ्यासमोर बोलले नाही.
त्या रविवारी तू अंगणात निखाऱ्यावर
तुमचा तो अताया करत होतास,
हात उंच नेऊन, फेस येईतो, पेल्यातून पेल्यात,
आणि पुदिना संपला तेव्हा न विचारता
माझ्या झाडाची डहाळी मोडलीस.
मी दारात उभी होते. तोंडाशी आलेलं गिळलं.
मग तू तिसरा पेला पुढे केलास.
साठ वर्षं मी ती पानं दुधात बुडवत आले.
इतक्या कडू, इतक्या गोड चहात
ती असं काही बोलतील, मला ठाऊक नव्हतं.
चौथा पेला नसतो म्हणालास.
मी मागितला.

फांदी नेत नाहीये मी.
खिरोनातली लेकीची बाल्कनी उत्तरेला आहे,
तिथे कुणीच नीट उठत नाही.

किल्ली दोनदा फिरवावी लागते,
दुसऱ्यांदा दार जरा वर उचलून.