ओला पारा

वडगावातल्या आमच्या मागांच्या शेडात
भिंतीवर एक लाकडी पाटी आहे.
बंद पडलेल्या कुठल्याशा गिरणीच्या लिलावातून
दोन बीमांबरोबर वडिलांना फुकट मिळालेली.
पाटीवर काचेच्या दोन नळ्या.
एक कोरडी.
दुसरीच्या बुडाला मलमलीची चिंधी,
चिंधीचं टोक पाण्याच्या कुपीत.

लहानपणी माझं काम एवढंच :
कुपी भरायची, चिंधी बदलायची,
दोन आकडे वहीत लिहायचे.
कोरडा छत्तीस. ओला तेवीस.
ओला नेहमी खाली.
वडील म्हणायचे, चिंधीतलं पाणी उडतं,
जाताना थोडी धग घेऊन जातं.
घामाचंबी तसंच की रे.
ह्या दोन आकड्यांत जेवढं अंतर
तेवढीच माणसाला जगायला जागा.

सुताला मात्र हे अंतर सोसत नाही.
कोरड्या हवेत ते तटातट तुटतं,
म्हणून खिडक्या बंद, फरशीवर बादलीभर पाणी,
दाराला भिजवलेलं गोणपाट.
लुगड्याला ओल हवी, विणणाऱ्याला वारा.
आम्ही आजवर लुगड्याचंच ऐकत आलो.

तशी बेळगावची हवा म्हणजे नावाजलेली.
पेन्शनीत निघालेली माणसं
हवेसाठी इथे घरं बांधायची.
यंदा मे सरता सरता ढग आले
आणि नुसते बसून राहिले चार दिवस,
जेवण झालेल्या पाहुण्यांसारखे.
पडेनात, उठेनात.

मल्लेश बुचडी, माग नंबर सहा.
घरी तेलुगू, मागावर कन्नड, माझ्याशी मराठी,
आणि उकडायला लागलं की तिन्हींची भेसळ.
"भाळ शेकी री," म्हणाला,
सदरा काढला, पिळला, झटकून परत घातला.
दंड पुढे केला माझ्यापुढे :
"बघा की अण्णा, वाळतच नाही."
मी हसलो.
धोटा इकडून तिकडे धावत होता,
त्या खडखडाटात हसणंच सोपं असतं.

पहाटे सायकल ढकलत गेला घरी. बसला नाही तिच्यावर.
अनसूयाबाईनं पत्र्याखाली त्याला
लुगड्याच्या खोक्याच्या झाकणानं वारा घातला.
गरम वारा, गरम अंगावर.
तांब्यानं पाणी ओतलं.
पाणी जमिनीवर गेलं, धग अंगातच राहिली.
तिला कुणीतरी म्हणालं, घाम येतोय ना,
मग भ्यायचं नाही, ताप उतरतोय.

सिव्हिलच्या कागदावर लिहिलं,
हृदय बंद पडल्यामुळे.
मी विचारलं, कुणाचं पडत नाही?
कारकून म्हणाला, रकाना एवढाच आहे.

रात्री शेडात एकटाच गेलो.
माग गप्प. सहा नंबरवर
मोरपंखी लुगडं पदरापाशी अडलेलं.
बॅटरीच्या उजेडात पाटी बघितली.
कोरडा पस्तीस.
ओला साडेचौतीस.
दोन्ही पारे खांद्याला खांदा लावून,
एकाच आईची पोरं असल्यासारखे.

वाटलं, कुपी आटली असणार,
चिंधी सुकली की ओला कोरड्यासारखाच दाखवतो,
हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे.
हात लावला.
चिंधी ओली होती.
चिंब.

दुसऱ्या दिवशी खिडक्या उघडल्या.
एक तर गंजून बसलेली, हातोड्यानं उघडली.
दुपारपर्यंत सत्तावीस धागे तुटले,
आणि व्यापारी फोनवर जे बोलला
ते कुठल्याच भाषेत लिहिण्यासारखं नाही.

वहीत आता तिसरा रकाना आखलाय : फरक.
पाळीवर येणारा आधी तिथे बोट ठेवतो,
मगच खुंटीला सदरा लावतो.
कालचा चार.
आजचा
दोन.